चित्रातला प्राणी चिखलात उभा वाटत नाही, वरून चिकटवल्यासारखा दिसतो. काय करू?

आरेखक_प्रतापनगर

नमस्कार मंडळी. प्रश्न जलरंगाचा आहे, पण मागचं थोडं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही, म्हणून लांबण लागतेय.

मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागलो आणि आरेखक म्हणून निवृत्त झालो. चौतीस वर्षं. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं ट्रेसिंग क्लॉथ, रोट्रिंग पेन आणि अमोनिया प्रिंटच्या वासात गेली. धरणाच्या नकाशावर बुडीत क्षेत्र दाखवायचं असलं की कंटूर (समान उंचीच्या रेषा) धरून पूर्ण संचय पातळीची रेघ फिरवायची आणि रेघेच्या आत प्रशियन ब्ल्यूचा पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग हात, द्यायचा. रंग रेघेबाहेर जाता कामा नये, आत डाग पडता कामा नये. आत गावं असायची. गावाचं नाव वॉशखालूनही वाचता आलं पाहिजे, इतका पातळ रंग. हे काम माझ्या हाताला चांगलं बसलं होतं. साहेब लोक दुसऱ्या विभागातले नकाशेही माझ्याकडे पाठवायचे.

निवृत्तीनंतर घरी जलरंग करतो. आतापर्यंत इथले नागपूरचे फुटाळा आणि अंबाझरी तलाव, सेमिनरी हिल्सची झाडं, जे समोर दिसतं तेच. यंदा नवतप्यात, मेअखेरच्या कडक उन्हात, एक वेगळं चित्र सुरू झालं. सुरू झालं असंच म्हणावं लागेल, कारण ते मी ठरवलेलं नव्हतं.

पूर्व विदर्भातल्या एका धरणाच्या पोटात मी एकदा मे महिन्यात मोजणीच्या टीमबरोबर गेलो होतो. पाणी खूप मागे सरलं होतं. काठाकाठाने गाळपेर, डांगराच्या (खरबुजाच्या) वाड्या, आणि मध्ये नुसता भेगाळलेला गाळ. त्या गाळात घरांच्या पायव्यांचे दगड ओळीने दिसत होते. मी ते ओळखले. ही गल्ली, हा चौक, ही शाळा. त्या गावात मी आधी कधीच पाऊल टाकलं नव्हतं, पण माझ्या वॉशखाली ते गाव होतं. सकाळची वेळ होती, मी पूर्वेकडे तोंड करून उभा होतो, समोर उरलेलं पाणी आणि त्याच्यावर धुरकट ऊन. ते दृश्य इतक्या वर्षांनी काढायला घेतलं.

कागद ३०० ग्रॅमचा, पूर्ण कॉटनचा, ११ × १५ इंच, प्लायवर गमटेपने ताणलेला. आकाश आणि गाळ एकाच ओल्या वॉशमध्ये केला: रॉ सिएना (पिवळट मातकट), बर्न्ट सिएना (तांबूस मातकट), अल्ट्रामरीन (निळा). पारा ४५ च्या वर, म्हणून कूलरसमोर बसलो होतो. वॉश अर्धा सुकत आला आणि कूलरने थेंब फेकले. नवीन ताट्या बसवल्या की आमचा कूलर दोन दिवस थेंब फेकतो. कागदाच्या मधोमध सात-आठ थेंब पडले. जिथे पडले तिथला रंग पांगून कडेला गेला आणि आत फिकी जागा राहिली, कडा करवतीसारखी कातरलेली. बोर्ड थोडा उतरता होता, त्यामुळे चार थेंब बारीक रेघा काढत खाली ओघळले आणि गाळात जाऊन थांबले.

नोकरीत असतो तर तो कागद फेकून दुसरा घेतला असता. त्या दिवशी हातात टिश्यू घेतला आणि तसाच थांबलो. त्या डागात मला एक जनावर दिसलं. पाठ म्हशीची. दोन थेंब एकमेकांत मिसळून मागे वळलेली लांब शिंगं झाली होती, आपल्या नागपुरी म्हशीची असतात तशी, खांद्यापर्यंत जाणारी. ओघळ म्हणजे पाय, इतके लांब आणि बारीक की म्हशीचे नाहीतच, सारसाचे. मान खाली पाण्यात गेलेली आणि तोंड दिसत नाही. ते पाणी पीत होतं की पाण्याखाली काही बघत होतं, सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ते "पूर्ण" करायला गेलो आणि तिथेच बिघडलं. पेन्स ग्रे (ट्यूबमधला तयार निळसर करडा) घेतला, दोन नंबरच्या ब्रशने पूर्ण बाह्यरेषा काढली, अंग भरलं, पायांना सरळ कडा दिल्या, पाण्यात प्रतिबिंब काढलं, उजव्या पायाशी एका विहिरीचा गोल काढला. आता प्राणी स्पष्ट दिसतो, पण तो तिथे नाही. मुलांच्या वहीत स्टिकर लावतात तसा वरून लावलेला दिसतो. डागात होता तेव्हा तो त्या गाळाचाच होता.

आमच्या हिने बघितलं आणि विचारलं, "म्हशीले बगळ्याचे पाय काहून लावले?" मी म्हटलं, बगळा नाही, सारस. ती म्हणाली, "कोणाचेही असू द्या, पण ते त्याचे नाही वाटून राहिले." तिचं म्हणणं बरोबर आहे, म्हणून चित्राचा फोटो टाकून इथे विचारतोय.

हेच चित्र वाचवायचं आहे, नवीन करायचं नाही. तसा डाग पुन्हा पडणार नाही. बाह्यरेषा उचलू का? पाय जाड करू का? आणि डोळा काढलेला नाही, तो काढू का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

ओला_कागद

काका, मी धरमपेठेत जलरंगाचे वर्ग घेते. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. तो डाग खरोखर सुंदर होता, शिंगांजवळ अजून थोडा शिल्लक आहे. तो वाचवूया.

आधी रंगाबद्दल. तुमचं आकाश आणि गाळ तीन रंगांतून आलंय आणि प्राणी चौथ्या रंगातून आलाय. सगळ्यात मोठी अडचण हीच. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून जो करडा मिळतो तो कागदावर कण सोडतो, थोडा फुटतो, कुठे तांबूस होतो कुठे निळसर. पेन्स ग्रे सगळीकडे सारखाच राहतो. काल्पनिक प्राण्याला परका रंग दिला की तो दुप्पट परका होतो. त्याचं शरीर कितीही विचित्र असू द्या, रंग त्या जमिनीचाच हवा.

आता ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात रंगद्रव्याचे क्रमांक बघा. पेन्स ग्रे प्रत्येक कंपनी वेगळा बनवते. पीबी २९ असेल तर ते अल्ट्रामरीन, ओल्या ब्रशने बऱ्यापैकी उचललं जाईल. पीबी १५ असेल तर थॅलो, ते कागदात बसतं, पूर्ण निघत नाही. घासत बसलात तर कागदाचं सायझिंग (रंग शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप) जाईल आणि तिथे पुढचा रंग ब्लॉटिंग पेपरवर पडल्यासारखा शोषला जाईल. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा.

बाह्यरेषा सगळी उचलू नका. तुमचा उजेड समोरून आहे, सूर्य प्राण्याच्या मागे. अशा वेळी पाठीची कड उजेडात विरघळते आणि पोटाची बाजू आपल्याकडे सावलीत येते. मी असते तर चारच ठिकाणी कड मोडली असती: शिंगाचं टोक आकाशात जातं तिथे, मागच्या पुठ्ठ्यावर, तोंड पाण्यात शिरतं तिथे आणि पाय गाळात जातात तिथे. अर्धा इंच रुंदीचा चपटा सिंथेटिक ब्रश ओला करून पिळा, दोनदा फिरवा, टिश्यूने टिपा, थांबा. सुकल्यावर पुन्हा बघा.

त्यानंतर पोटाखाली बर्न्ट सिएनाचा पातळ थर द्या. गाळावर पडलेलं ऊन उलटून पोटाला लागतं, म्हणून सावलीतलं पोट थंड नसतं, उबदार असतं. आणि सावली आपल्या दिशेने पुढे आली पाहिजे, तुम्ही ती बाजूला टाकली आहे.

शेवटी सगळं एकत्र बांधायला बंगाली वॉशची पद्धत आठवा. अवनींद्रनाथ ठाकुरांनी जपानी चित्रकारांची कामं बघून ती घडवली: थर सुकला की अख्खा कागद पाण्यात बुडवायचा, सैल रंग निघून जाऊ द्यायचा, सुकवून पुढचा थर द्यायचा, पुन्हा बुडवायचा. आकृती आणि मागचा अवकाश एकाच धुक्यात येतात. तुमचा कागद ताणलेला आहे, बुडवता येणार नाही, पण रुंद मऊ ब्रशने साधं पाणी प्राण्यावरून आणि गाळावरून एकत्र फिरवता येईल. एकदाच, हलक्या हाताने.

आणि काका, काम पहाटे पाचला करा. पंखा, कूलर बंद. या दिवसांत दुपारी माझा वॉश दीड-दोन मिनिटांत सुकतो. पाण्याच्या वाटीत ग्लिसरीनचे तीन-चार थेंब टाकले तर थोडा वेळ मिळतो, जास्त टाकलं तर कागद चिकट राहतो.

कूलरच्या थेंबाचं तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून एक सांगते. माक्स अर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ साली लाकडी जमिनीच्या फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेल्या रेषांतून प्राणी, जंगलं शोधली. अतिवास्तववादी चित्रकारांचं बरंचसं काम असंच सुरू झालं. आधी डाग, मग नजर. तुमची नजर लागली होती, दुसऱ्या दिवशी आरेखकाचा हात मध्ये आला.

सारसवाट

मी चित्रकार नाही. मानेवाड्याला राहतो, आणि गेली काही वर्षं सुट्टी मिळाली की गोंदियाला सारस बघायला जातो. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच. म्हणून फक्त पायांबद्दल बोलतो.

काका, सारसाचा जो सांधा आपल्याला मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नाही, तो घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. तुम्ही तो सांधा पायाच्या मधोमध काढलाय आणि पुढे वाकवलाय, माणसाच्या गुडघ्यासारखा. म्हणून वहिनींना ते पाय "त्याचे" वाटत नाहीत. सांधा मागे वाकवा, फरक लगेच दिसेल.

पाय जाड करू नका अशी माझी विनंती आहे. सारस जवळजवळ माणसाएवढा उंच पक्षी, पण वजन सात-आठ किलो. म्हैस साडेतीनशे-चारशे किलोची. हिशोबाने ते पाय मोडलेच पाहिजेत. पण जाड केले की ती नुसती उंच म्हैस होईल. त्यापेक्षा वजन कमी करा, म्हणजे अंग हलकं करा. ओला_कागद ताई म्हणतात तशी पाठ उजेडात विरघळली तर ते अंग धुक्याचं वाटेल आणि धुकं त्या पायांवर उभं राहू शकतं.

वजन दाखवायची आणखी एक जागा म्हणजे बोटं. ओल्या गाळात सारस पाय ठेवतो तेव्हा पुढची तीन बोटं चांगली पसरतात. पाऊल उचलताना ती मिटतात आणि गाळ बोटांच्या मधून गळतो. हे मी दुर्बिणीतून अगदी जवळून बघितलंय, एक मादी रोवणीच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, चालत होती. प्रत्येक पाऊल ती आधी हवेत धरायची, गळणारं पाणी संपू द्यायची, मग पुढे टाकायची. घाई अजिबात नाही. तुमच्या प्राण्याचा एक पाय तसा उचललेला असता तर! पण आता रंग बसलाय, ते जमणार नाही बहुतेक.

पायांचा रंगही राखाडी नको. सारसाचे पाय गुलाबी-लालसर असतात.

जुनी_इतवारी

प्रश्न वाचून राहवलं नाही. मला जलरंगातलं कळत नाही, पण नसलेली जनावरं बघत मी मोठा झालो. शाळेची सहल अजब बंगल्यात, नागपूरच्या वस्तुसंग्रहालयात, गेली की बाकीची पोरं पेंढा भरलेल्या वाघापाशी, आणि मी दगडी मूर्तींच्या दालनात.

रामटेकला गडावर चढताना वराह लागतो ना, वाकाटकांच्या काळातला, त्याच्या पोटाखालून आमच्या आजीने मला सरकवलं होतं. पापी माणूस अडकतो म्हणतात. मी सहा वर्षांचा होतो आणि मला खात्री होती की अडकणार, कारण आदल्या दिवशी मी चुलत भावाचा भोवरा लपवला होता. पोटाखाली गेलो, वर बघितलं, आणि तो दगड मला श्वास घेताना दिसला. एवढं मोठं, गुळगुळीत, थंड पोट. काका, तुम्ही प्राण्याला बाजूने काढलंय. माझ्या मते त्याचं पोट कोणीतरी खालून बघितल्यासारखं वाटलं पाहिजे. ते पोट त्या बुडालेल्या गावाच्या वर आहे. गावाला तेच दिसत असणार.

जुने शिल्पकार दोन जनावरं जोडताना सांधा कुठे घ्यायचा हे फार विचारपूर्वक ठरवत. चंद्रपूरच्या किल्ल्याच्या दरवाजांवर गोंड राजांचं चिन्ह आहे, हत्तीवर चढलेला सिंह. तिथे उभं राहून नीट बघा, सिंहाची आयाळ, खांदा आणि पंजा एका लयीत खाली येतात, म्हणून तो अशक्य आकाराचा असूनही शक्य वाटतो. मंदिरांवरचे व्याल, म्हणजे कोरलेली जोडजनावरं, तसेच. हत्तीची सोंड आणि सिंहाचं अंग यांच्या जोडावर शिल्पकार बहुतेक ठिकाणी माळ किंवा आयाळीची वळणं घेतो. जोड झाकतो, लपवत नाही. तुमच्या प्राण्यात म्हैस संपते आणि सारस सुरू होतो तिथे तुम्ही सरळ रेघ मारली आहे. तिथे काहीतरी हवं. चिखल वाळून लटकलेला, शेवाळ, पाणवनस्पती, त्या तळात असेल ते.

डोळ्याबद्दल. ओडिया महाभारतात नवगुंजर येतो. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपूट, पाय हत्तीचा, वाघाचा, घोड्याचा, आणि चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात, त्यात कमळ. अर्जुन धनुष्य उचलतो, आणि तो हात दिसताच खाली ठेवतो, कारण हा कृष्ण आहे हे त्याला कळतं. आठ अनोळखी गोष्टींत एक ओळखीची गोष्ट पुरली. तुमच्या चित्रात ती ओळखीची गोष्ट डोळा असावा असं मला वाटत नाही. विहीर आहे ना उजव्या पायाशी? ती चांगली काढा.

पारावरची

मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. आज लिहिते.

माझं माहेर बुडीतात गेलं. कोणतं धरण ते लिहीत नाही. मी तेव्हा सातवीत होते. नव्या गावठाणात आम्हाला प्लॉट मिळाला, तिथे रस्ते सरळ होते आणि झाडं नव्हती. लग्न होऊन मी नागपूरला आले, आता हुडकेश्वरला असते.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या घरामागची विहीर वर येते. दरवर्षी नाही, पाऊस कमी झाला त्या वर्षी. मग गावठाणातून कोणीतरी फोन करतं आणि माझी आई मला म्हणते, "आपली इहीर दिसून राह्यली, चाल." आम्ही जातो. गाळ वरून सुकलेला वाटतो पण आत पाय जातो, म्हणून चपला हातात घ्यायच्या. आई विहिरीच्या काठाला हळदकुंकू लावते, थोडं पाणी शिंपडते आणि बसते. बोलत नाही काही. एकदा तिने मला पायव्यांच्या मधून चालत नेलं आणि म्हणाली, "इथून वाकून ये, इथं वयचन होती." वयचन म्हणजे वळचण, छपराची खाली आलेली कड. तिथे काहीच नव्हतं, मोकळी हवा होती. मी वाकले.

काका, तुम्ही नकाशात निळा रंग भरला ते वाचून मला आधी राग आला, खोटं बोलत नाही. मग पुढचं वाचलं. तुम्ही नाव वाचता येईल इतका पातळ रंग द्यायचात, हे मला माहीत नव्हतं.

चित्रातला तो प्राणी मला अनोळखी वाटला नाही. पाणी उतरताना आमच्याकडे सगळ्या म्हशी तिथेच नेतात. लांबून धुरात त्यांचे पाय दिसत नाहीत, किंवा खूप लांब दिसतात, उन्हात हलतात. लहान असताना मला वाटायचं की त्या आमच्या घरांवर पाय देऊ नयेत म्हणून तसं चालतात.

डोळा काढू नका. त्याला खाली बघू द्या.

आरेखक_प्रतापनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. अठरा दिवसांनी लिहितोय, कारण केल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

ट्यूब बघितली. पीबी १५ निघाला. चार ठिकाणी कड उचलली, ताईंनी सांगितलं तशी. शिंगाचं टोक आणि पुठ्ठा छान निघाले. तोंडापाशी निळसर छटा राहिलीच, दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा कागदाला लव सुटायला लागली तेव्हा थांबलो. तिच्यावर बर्न्ट सिएनाचा पातळ हात फिरवला तर ती ओल्या गाळाच्या रंगाची झाली. आता तोंड कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते मलाही सापडत नाही. डागात होतं तसंच.

प्रतिबिंबात माझी मोठी चूक सापडली. मी प्राणी उलटा करून खाली तसाच उतरवला होता. पण पाण्यात आपल्याला वरच्या वस्तूची नक्कल दिसत नाही, पाण्याच्या पातळीवरून वर बघितलं तर जे दिसेल ते दिसतं, म्हणजे पोट. पाठ तर जवळजवळ दिसतच नाही. ही साधी भूमिती आहे, मला यायला हवी होती. जुनी_इतवारी, तुमचा वराह वाचल्यावरच ती लक्षात आली. प्रतिबिंब पुसून पुन्हा केलं, नुसतं पोट आणि पायांची सुरुवात, मूळ अंगापेक्षा एक छटा फिकं. संध्याकाळी ही बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता खालचा खरा वाटते."

अंग आणि पायांच्या जोडावर वाळलेल्या शेवाळाच्या लोंब्या सोडल्या, ओल्यात ओलं, ब्रश न टेकवता, नुसता रंग टाकून. सुकताना त्या आपोआप खाली आल्या.

सारसवाट, तीन पायांचे घोटे मागे वळवता आले. मागच्या दोन पायांना लाइट रेड आणि थोडा रॉ सिएना दिला, पुढचे सावलीत ठेवले. बोटं पसरवली. पुढचा उजवा पाय मात्र वळत नव्हता, तिथली रेघ कागदात खोल गेली होती. तो झाकायला एकच उपाय होता, पाणी वर चढवायचं. पाण्याची कड मी हळूहळू वर घेतली, दोन सेंटिमीटर. पाय घोट्यापर्यंत बुडत आला. आणखी एक सेंटिमीटर घेतलं असतं तर चूक पूर्ण झाकली गेली असती. पण तिथे विहीर आहे. पाणी तिच्या काठाशी आलं होतं. मी ब्रश धुतला आणि ठेवून दिला. तो पाय थोडा चुकलेलाच राहणार.

डोळा काढला नाही.

पारावरची ताई, तुम्ही लिहिलंत ते मी हिला वाचून दाखवलं. राग आला असं लिहिलंत, बरं केलंत. त्या गावांतलं कोणी माझ्याशी कधी बोललेलं नव्हतं. आम्ही ऑफिसात होतो आणि नकाशे जात होते.

एक विचारायचं आहे. विहीर मी नुसती गोल काढून ठेवली आहे, तिच्यात अजून रंग भरलेला नाही. तुमच्या विहिरीचा काठ कसा आहे, सांगाल का? जमत असेल तरच.

पारावरची

आईला विचारून सांगते.

काळा नाही. ओला असताना निळसर दिसतो आणि सुकला की चुलीतल्या राखेसारखा. वरच्या थराला दोरीच्या खाचा आहेत, बोट जाईल एवढ्या, त्या दक्षिणेच्या बाजूला, कारण घर तिकडे होतं. उत्तरेकडचा एक दगड निखळलेला आहे. आई म्हणते तो पाण्याने नाही निखळला, तिच्या लग्नाच्या आधीपासून तसाच आहे, बाबा दरवर्षी बसवतो म्हणायचे.

आरेखक_प्रतापनगर

मी पूर्वेकडे तोंड करून उभा होतो, म्हणजे चित्रात उत्तर डावीकडे येते. निखळलेला दगड डाव्या बाजूला, दोरीच्या खाचा उजव्या.

उद्या पहाटे पाचला काढतो. दगड सुका दाखवू की ओला?

पारावरची

अर्धा ओला. पाणी नुकतंच उतरलेलं असतं तेव्हाच आम्ही जातो.